भावजींच्या घड्याळातली नाडी

“दोन्ही मनगटं पुढे करा, वहिनी. हाडाच्या वर दोन बोटं सोडून. घट्ट हवं, पण हात निळा पडेल इतकं नको. आणि मी सांगेपर्यंत काढायचं नाही, पाणी लागलं तरी नाही.”

भावजींचा तो आवाज अजून कानात आहे. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते आणि माझी जाऊ पहिल्या मजल्यावर. चोपन्न वर्षांचे आहेत, वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानांतले तराजू, गोदामांतले काटे, तेलाची मापं तपासायची आणि शिक्का मारायचा. खात्याची पितळी वजनं एका लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांत ठेवलेली असतात. त्यांना भावजी उघड्या बोटांनी कधी हात लावत नाहीत. घामाने वजन बदलतं म्हणे. दुसऱ्याच्या तराजूचा काटा केसभर हलला तरी त्यांना दिसतो.

माझा एक नेम आहे, दुपारी बारापर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. हे मी जेवणं आटोपल्यावर लिहिते आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

झालं असं की त्यांच्या कचेरीतल्या एका तरुण अधिकाऱ्याने ट्रायथलॉन पुरी केली. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, तिन्ही लागोपाठ, मधे बसायचं नाही. त्याचा पदक गळ्यात घातलेला फोटो सूचनाफलकावर लागला. भावजी तो फोटो आठवडाभर जाता-येता बघत होते. मग एका संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “मी उतरतोय.”

“कशात?” जाऊ पडदे शिवते, तिचं मशीन चालू होतं.

“साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं.”

“दूध आणायला खाली जाता तर वर आल्यावर दहा मिनिटं खुर्चीत बसता.”

“म्हणूनच,” भावजी म्हणाले, “आधी घड्याळ.”

मला वाटलं, घड्याळ म्हणजे किती वाजले ते बघायला. तसं नव्हतं. हे घड्याळ आकाशातल्या उपग्रहांशी बोलतं, आणि तेही दोन वेगवेगळ्या लहरींवर बोलणारं हवं, नाहीतर उंच इमारतींमधे गोंधळतं. पोहताना हात पाण्याखाली गेला की त्याला उपग्रह दिसेनासा होतो आणि ते अंदाजाने रेघ ओढतं, तेव्हा तो अंदाज कुणाचा चांगला ते बघायचं. ओल्या बोटांना पडदा ऐकत नाही, तेव्हा बटणं हवीत. मनगटावरून नाडी नीट कळत नाही, तेव्हा छातीला पट्टा हवा, पण पट्टा पाण्यात सरकतो. बॅटरी, नकाशे, झोपेचे गुण, विश्रांतीचे गुण. पाण्यातून बाहेर आलं की एक बटण दाबायचं, सायकलवर बसलं की तेच पुन्हा. मधे कपडे बदलायला किती वेळ लागला तेही ते मोजतं.

“मग अंघोळीला जाताना लावत जा,” जाऊ म्हणाली. “पाऊण तास आत असता. निदान नोंद तरी होईल.”

“हसा. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, हे आमच्या खात्यातलं पहिलं वाक्य आहे.”

दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं सहा वर्षं अंथरुणातलं सगळं केलं, त्यातल्या कशाचीच नोंद नाही. म्हणजे ते घडलंच नसावं.

तीन महिने निवड चालली. संगणकावर तक्ता झाला, त्यात बावीस घड्याळं आडवी आणि एकतीस गुण उभे. रोज जेवताना फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला असायचा आणि त्यात कुणी दाढीवाला माणूस पट्ट्याच्या बकलावर पंचवीस मिनिटं बोलायचा. भावजी घास हातात धरून ऐकायचे. एखाद्या पुराणिकाला इतकी एकाग्र माणसं मिळाली तर तो धन्य होईल. सायकल आली होती, ती जिन्यातल्या भिंतीला टांगली होती आणि तिच्यावर जाऊ उसवलेले पडदे वाळत घालत होती. पोहण्याच्या तलावाचा पास काढला होता, तो पाकिटात होता. पाऊल मात्र एकही नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं. “आत्ता धावून काय उपयोग? मोजणार कोण?”

आमचे हे म्हणाले, “अरे, धावलास की दमशील, तेव्हा कळेलच.”

“दादा, दमणं हे माप नव्हे.”

शेवटी बाविसातली दोन उरली. महिनाभरात परत करता येतील या बोलीवर दोन्ही आणली. आता खरं कुठलं बोलतं ते ठरवायचं, आणि इथे भावजींचं खातं त्यांच्या मदतीला आलं. तराजू तपासताना एक वजन घ्यायचं, ते या काट्यावर ठेवायचं, त्या काट्यावर ठेवायचं. वजन तेच, मग फरक पडला तर तो काट्याचा. तेव्हा रोज न चुकता तेच करणारं, न बदलणारं असं काहीतरी हवं होतं.

“अख्ख्या घरात तसं एकच आहे,” ते जिन्यात उभं राहून माझ्याकडे बघत म्हणाले. “तुमच्या अकरा फेऱ्या. वहिनी, तुम्ही आमचं प्रमाण वजन.”

उजाडताना घरामागच्या तळ्याभोवती अकरा फेऱ्या घालायच्या, ओठांवर नाम, दुसरा शब्द नाही; मग दगडी बाकावर डोळे मिटून अर्धा तास बसायचं; मग घरी येऊन पाणी प्यायचं. एकोणीस वर्षं झाली या नेमाला. त्याची कुणी वाखाणणी केली की मला आवडत नाही असं मी समजत होते. पण त्या दिवशी, खोटं कशाला लिहू, थोडं आवडलं. म्हणून हात पुढे केले.

कैद्यासारखी दोन मनगटं घेऊन चालले. डाव्या घड्याळाने चार पूर्णांक नऊ किलोमीटर सांगितलं, उजव्याने पाच पूर्णांक दोन. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भावजींना इतका आनंद झाला की जणू एखाद्या वाण्याला रंगेहाथ पकडलं. मग स्वतः खात्याचं चाकाचं माप घेऊन तळ्यावर आले. एक फेरी चालले, बाकावर बसले, कपाळ पुसलं आणि बसल्या बसल्या अकराने गुणलं.

काळं घड्याळ जिंकलं. केशरी पट्ट्याचं परत गेलं. मला वाटलं, सुटले.

“आता एवढ्यात काढू नका,” भावजी म्हणाले. “घड्याळाला माणूस ओळखायला महिना लागतो. पहाटे तुमच्या हातावर, दहा वाजल्यापासून माझ्या. त्याची घडी बसू दे. मी फॉर्म भरेपर्यंत, बस.”

“कोणता माणूस ओळखायला, भावजी?”

ते हसले. “तुम्ही पण ना.”

हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की मी मागे घेत नाही, हे त्यांना ठाऊक आहे, आणि घरातल्या सगळ्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतलेला आहे.

त्यानंतर एका रविवारी दुपारी त्यांचे साहाय्यक चहाला आले. मी खाली जावेकडे कात्री आणायला गेले होते. भावजी फोन पुढे धरून बोलत होते.

“विश्रांतीची नाडी छप्पन्न. छप्पन्न! खेळाडूंची असते. सातत्य शंभर टक्के, एकही दिवस खाडा नाही. वेग जरा कमी आहे, तो वाढेल. आणि हे बघ, शरीराचं वय बेचाळीस.”

“साहेब, बारा वर्षांनी लहान!”

“यंत्र खोटं बोलत नाही.”

पडद्यावर तळ्याचा नकाशा होता आणि त्याभोवती अकरा रेघा, रिळावर दोरा गुंडाळावा तशा. चौथ्या फेरीत एक छोटं वेटोळं होतं. तिथे मंगळवारी एक कुत्रा आडवा झोपला होता आणि मी त्याला वळसा घातला होता. माझाच वळसा. नाडी बाकावर डोळे मिटून बसलेल्या बाईची. रात्री तर ते घड्याळ खुंटीवर असायचं, कारण झोपताना भावजींच्या मनगटाला खाज येते.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा असता तर एक वेळ बरं वाटलं असतं. तो चेहरा सच्चा होता. आयुष्यभर लोकांच्या तागडीत अंगठा शोधणाऱ्या या माणसाने दुसऱ्याच माणसाला काट्यावर चढवलं होतं आणि आलेला आकडा स्वतःचा म्हणून वाचत होता. लबाडाला निदान ठाऊक असतं की आपण लबाड आहोत. एवढीही अक्कल त्यांच्याकडे नव्हती.

तेव्हा बारा कधीच वाजून गेले होते. बोलायला हरकत नव्हती. तरी मी कात्री घेतली आणि वर आले. वर आल्यावर ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “म्हणजे बेचाळीस वर्षांची तू? मग जिच्याशी मी लग्न केलं ती एकसष्ट वर्षांची बाई गेली कुठे?” आणि हसत बसले. मी हसले नाही. ह्यांच्या आणि भावजींच्या वडिलांना नदीच्या पाण्यात छातीत कळ आली होती. काठावर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. तेही चोपन्नच वर्षांचे होते. हे घरात कुणी बोलत नाही.

जाऊ बोलली. दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना, नळाच्या आवाजात, माझ्याकडे न बघता.

“ताई, रात्री यांचा श्वास अडतो. मी उठून बसते. पुन्हा सुरू झाला की आडवी होते.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“सांगितलं. त्या म्हणाल्या तपासण्या करा. हे म्हणतात, घड्याळ रोज तपासतंय.” तिने एकच वाटी तीनदा विसळली. “शर्यतीच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते. शुक्रवारी जाणार आहेत. आठ आठवड्यांच्या व्यायामाची नोंद दाखवली की सही मिळते. आणि सही मिळाली, ताई, की हे पाण्यात उतरणार. तुम्ही चला आमच्याबरोबर.”

“मी येऊन काय करू?”

“काही करू नका. नुसत्या चला.”

शुक्रवारची वेळ सकाळी अकरा वीसची होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मनाशी हसले. बाराच्या आत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही हा माझा नेम, आणि जे सांगायचं होतं ते सगळं वाईटच होतं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रंगांच्या दुकानावर आहे. बावीस पायऱ्या. भावजी पंधराव्या पायरीवर थांबले आणि भिंतीवरची दंतमंजनाची जाहिरात वाचू लागले. दोनदा वाचली असावी. वर पोहोचल्यावर आणखी दहा मिनिटांनी आमचा नंबर यायचा होता, तेवढ्यात दम बसला. नशीब असं कधीकधी नको त्या माणसाला साथ देतं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, चष्मा गळ्यात दोरीला. त्यांनी फॉर्म वाचला. “आठ आठवडे नियमित व्यायाम? तुम्ही?”

भावजींनी फोन पुढे सरकवला, ठेवणीतली प्रमाणपत्रं सरकवावीत तसा. बाई बोटाने पडदा वर सरकवत गेल्या. “रोज पहाटे? एकही दिवस सुटला नाही. नाडी छप्पन्न.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कमाल केलीत हो. मागच्या वेळी मी तुम्हाला इतकी रागावले होते.”

“इच्छाशक्ती,” भावजी म्हणाले.

जावेने माझं बोट धरलं. शिवणकामाने तिची बोटं खरखरीत झाली आहेत. ती थंडगार पडली होती. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

भिंतीवर अकरा पस्तीस झाले होते.

मी काय काय बोलू शकले असते! पाच महिन्यांचं साठलं होतं. तो तक्ता, तो दाढीवाला, ती एक फेरी आणि अकराने गुणलेलं. एकेक वाक्य जिभेवर तयार होतं, धार लावलेलं. पण घड्याळात अकरा पस्तीस होते, तेव्हा ज्याच्याबद्दल बोलता येईल असं माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “ही नाडी माझी आहे.”

बाईंनी मान वर केली.

“म्हणजे?”

“पहाटे हे घड्याळ मी घालते. तळ्याभोवती अकरा फेऱ्या होतात माझ्या. मग अर्धा तास बसते. छप्पन्न तेव्हाची असेल.”

“वहिनी, ती चाचणी होती!” भावजी ताडकन म्हणाले. “घड्याळाची चाचणी. प्रमाण म्हणून. त्याचा आणि याचा...” आणि तिथे त्यांचं वाक्य थांबलं. त्यांनी फोनकडे बघितलं. मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखते, पण एखादी गोष्ट त्यांच्या डोक्यात उतरताना मी पहिल्यांदा बघितली.

“भावजी,” मी म्हटलं, “तागडीत मी होते.”

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. हसल्या नाहीत, ते बरं केलं. “घड्याळ आहे ना हातात? मग खाली जा आणि वर या. न थांबता. जाहिरात वाचायची नाही.”

म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं, त्यांच्या खोलीची खिडकी त्या जिन्यात उघडते.

भावजी गेले. पावलं खाली गेल्याचं ऐकू आलं, मग वर येताना ऐकू आलं, आधी भरभर, मग एकेक, मग एकेका पायरीला दोन पावलं. दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला होता आणि मनगटावर ते बाविसांतून निवडलेलं, एकतीस गुणांचं घड्याळ किंचाळत होतं. एकशे त्र्याहत्तर. ते बंद कसं करायचं हे त्यांना सापडेना. शेवटी मी बटण दाबलं. मला सवय झाली होती.

बाईंनी छातीचा आलेख काढला, रक्त तपासायला लिहून दिलं आणि फॉर्म घडी घालून त्यांच्याच खिशात परत ठेवला. “पोहणं या वर्षी नाही. रोज वीस मिनिटं सपाटीवर चालायचं, बोलता येईल इतक्या वेगाने. तीन महिन्यांनी या. आणि स्वतः या.”

घरी येताना रिक्षात भावजींना आवाज सापडला. “तुम्ही कधी बोलत नाही आणि बोललात ते नेमकं तिथे! घरी सांगता आलं नसतं?”

घरी सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं, त्यांनी तक्त्यात एक रकाना वाढवला असता. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, आता म्हणता आलं असतं. पण जाऊ बाहेर बघत रडत होती आणि तिला वाटत होतं की ते कुणाला दिसत नाही.

दुपारी तिने मशीनवर खोळ घातली, भावजींसमोर खुर्ची ओढून बसली. मी दाराशीच होते, निघून जायला हवं होतं, गेले नाही.

“मला शब्द द्या,” ती म्हणाली. “वीस मिनिटं. रोज.”

“दिला, दिला.”

“असा नको.”

“कसा देऊ मग, शिक्का मारून? दिला म्हटलं ना.” मग थोडं थांबून, “पण चालण्यासाठी हे घड्याळ जरा जडच आहे. नुसत्या चालण्याची वेगळी येतात, हलकी. आज रात्री एकदा बघतो. उगाच चुकीच्या मापाने सुरुवात करायची म्हणजे...”

जाऊ उठून आत गेली. मीही वर आले. इतका तिटकारा मला आजवर कुणाचा आला नव्हता, आणि हे मी देवासमोर बसूनही सांगितलं. क्षमा मागितली, पण तिटकारा काही कमी झाला नाही. शनिवारी खालून त्या दाढीवाल्याचा आवाज आला. रविवारीही आला. मशीनचा आवाज मात्र दोन्ही दिवस आला नाही.

सोमवारी उजाडताना मी नेहमीसारखी निघाले. दोन पायऱ्या उतरले तोच खालच्या दाराची कडी हलली, अगदी हळू, कुणी ती फडक्यात धरून काढावी तशी. मी जिथल्या तिथे थांबले.

भावजी बाहेर आले. जुना पायजमा, वर घरातला सदरा. बूट हातात होते, मनगट मोकळं होतं. मागे वळून त्यांनी दार ओढून घेतलं, दाराला कान लावून क्षणभर ऐकलं. जाऊ झोपली आहे याची खात्री करून घेत असावेत. मग मोजे घातलेल्या पायांनी जिना उतरू लागले, एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर आधी पाय चाचपत.

हाक मारायची सोय नव्हती. फेऱ्या होईपर्यंत मी बोलत नाही, आणि बोलत असते तरी काय बोलले असते कोण जाणे. या माणसाने आजवर खिडकी उघडली तरी घरात जाहीर केलं होतं.

खाली शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी बूट चढवले. नाड्या बांधायला वाकले तेव्हा श्वास लागला, थांबले, पुन्हा वाकले. मी वरच्या वळणावर भिंतीला टेकून उभी राहिले, फाटक उघडून ते बाहेर पडेपर्यंत आणि रस्त्यावर त्यांची पावलं जराशी लांब जाईपर्यंत.